मोजणीचा वसा

कहाणी नेहमी आटपाट नगरात घडते. ही विरारची आहे.

आगाशीच्या वाटेवर एक वाडी होती. नारळ, केळी, कडेनं जास्वंद आणि मधोमध सोनचाफ्याची चाळीस झाडं. घरात आजोबा, त्यांची सून, नातू आणि नात अशी चार माणसं. मुलगा अकाली गेला, तेव्हापासून वाडी सुनेनंच राखली. रात्री अडीचला ती उठायची, डोक्याला बॅटरी बांधायची, आकडीनं फांदी खाली ओढायची आणि फुलं खुडायची. पुरतं उमललेलं फूल दादरच्या बाजारात पोचेपर्यंत पाकळ्या टाकतं आणि फार मिटलेली कळी गिऱ्हाईक घेत नाही. मधली वेळ हाताला कळावी लागते. मग ओटीवर बसून ती मोजायची. दहा फुलांची पुडी, दहा पुड्यांचा शेकडा, पाच शेकडे झाले की टोपली तयार. मोजताना ती कुणाशी बोलत नसे. कुणी घाई केलीच तर म्हणायची, "मोजलेलं आपलं. न मोजलेलं ज्याच्या हाती लागेल त्याचं."

पहाटेच्या गाडीला लगेजच्या डब्यात तिच्यासारख्या आणखी अकरा जणी असत. कुणाची फुलं, कुणाची भाजी, कुणाची केळीची पानं. या बारा जणींची भिशी होती. दरमहा प्रत्येकीचे दीड हजार, मिळून अठरा हजार, आणि ते पाळीपाळीनं एकीला. भिशीचा डबा या सुनेच्या देवघरातल्या फडताळात असे, कारण तिच्या मोजणीत कधी रुपयाची चूक झाली नव्हती.

नातवाला घरात थोरला म्हणत, नातीला धाकटी. थोरला अंधेरीच्या एका ऑफिसात हिशेबनीस होता. दिवसभर तो दुसऱ्यांचे आकडे जुळवी. गाडीत त्याचे दोन सोबती होते. गाडीतली माणसं एकमेकांना स्टेशनावरून ओळखतात. एक नालासोपाऱ्याला चढणारा, म्हणून सोपाऱ्याचा. दुसरा वसईचा. एकमेकांसाठी जागा धरायची, डबा वाटून खायचा आणि संध्याकाळी पुन्हा तीच गाडी धरायची.

एके दिवशी वसईच्यानं मोबाइल पुढे केला. "पत्त्यांचा खेळ आहे. पहिले पन्नास रुपये तेच देतात. हरलो तर त्यांचे, जिंकलो तर आपले."

थोरल्यानं पन्नास लावले. तीन दिवसांत त्याचे तीनशे चाळीस झाले. त्या संध्याकाळी त्यानं स्टेशनाबाहेरून घरी जिलबी नेली. धाकटी खूश झाली. थोरल्याच्या मागे एक दार लागलं होतं, पण त्याचा आवाज कुणाला आला नाही.

खेळ खरोखर जादूचा होता. जिंकलेला डाव घंटा वाजवत यायचा, हरलेला निमूट निघून जायचा. पैसे पैशांसारखे दिसायचेच नाहीत, रंगीत चकत्या दिसायच्या. घड्याळ कुठं दिसत नसे. डाव गेला की पडद्यावर अक्षरं यायची, अगदी थोडक्यात हुकला. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं कबुतरांना बटणावर चोच मारायला शिकवलं होतं. दाणा कधी दुसऱ्याच टोचीला, कधी चाळिसाव्या टोचीला मिळू लागला की कबुतर थांबत नसे, टोचतच राही. भुकेपेक्षा 'आता मिळेल' ही आशा त्याला बांधून ठेवायची. विरारच्या गाडीत, चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून बसलेला थोरला त्याच आशेनं बोट फिरवत होता.

वर्ष गेलं. तिघांनाही कळून चुकलं की आपण अडकलो आहोत. तिघेही बाहेरची वाट शोधू लागले आणि तिघांना तीन दारं दिसली.

सोपाऱ्याचा म्हणाला, "गेलेले एकदा जिंकून घेतो, बरोबरी झाली की सोडतो." बरोबरीसाठी त्यानं मोबाइलवरच कर्ज काढलं, ते फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं. दार उघडलं तर आत तोच खेळ होता.

वसईचा म्हणाला, "याची काहीतरी युक्ती असणार." पैसे भरून त्यानं 'आजचा जिंकणारा आकडा' सांगणाऱ्या गटात नाव घातलं. तेही फसलं तेव्हा एका बाबाकडून मंतरलेला काळा दोरा आणून मनगटात बांधला. दोरा बांधलेल्या हातानं तो हरतच राहिला.

थोरल्यानं पळायचं ठरवलं. रात्री तो खेळ मोबाइलवरून पुसून टाकी आणि बोरिवली यायच्या आत परत उतरवून घेई. सिम बदललं, मोबाइल बदलला. बोटं तीच होती.

मग देशानंच एक दार लावून टाकलं. ऑनलाइन खेळांविषयीचं विधेयक २० ऑगस्ट २०२५ला लोकसभेत आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत मंजूर झालं, २२ तारखेला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा, चालवायला बंदी आली. वर्षाला सुमारे ४५ कोटी माणसं अशा खेळांत २० हजार कोटींच्या आसपास रुपये घालवतात, असा अंदाज सरकारनं तेव्हा मांडला होता. श्रावणाचा शेवटचा आठवडा होता. नेहमीचा खेळ उघडला तर पैशांचे डाव बंद असल्याचं दिसलं. थोरल्याला तुरुंगाचं कुलूप निघाल्यासारखं वाटलं. गाडीच्या दारात उभं राहून त्यानं वैतरणेच्या बाजूनं येणारा वारा छातीभर घेतला.

चौथ्या दिवशी मोबाइलवर अनोळखी नंबरावरून एक निरोप आला. खेळ तोच, फक्त परदेशातून चालवलेला, पन्नासऐवजी पाचशे रुपये भेट देणारा. त्यानं तो उघडला. पट उठला होता, पण खेळणारा अजून पटावरच बसला होता.

गणपती आले आणि गेले. नवरात्र तोंडावर आलं. मधल्या काळात थोरल्यानंही मोबाइलवरून कर्ज काढलं होतं. एका रात्री त्या कर्जवाल्यांचा फोन आला की उद्या तुझ्या मोबाइलमधल्या सगळ्या नंबरांवर तुझा फोटो पाठवू. थोरल्यानं देवघराचं फडताळ उघडलं. एका रात्रीचा प्रश्न आहे, सकाळी परत ठेवतो, असं मनाशी म्हणत त्यानं भिशीचा डबा रिकामा केला. थोडं कर्ज भागवलं, उरलेलं दुप्पट करायला लावलं. पहाटे चार वाजता त्याच्याकडे त्यातलं काहीच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईनं डबा उघडला आणि लावला. ती काही बोलली नाही.

त्या रात्री पाऊस कोसळला. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं, गाड्या थांबल्या, आगाशीचा रस्ताही पाण्याखाली गेला. पावसानं झोडपलेल्या झाडांवरून दोनच शेकडे फुलं हाती आली होती आणि तीही आता कुठं जाणार नव्हती. ओटीवर चाफ्याचा वास कोंडला होता.

"या दोघं," आई म्हणाली. "डाव मांडू."

तिनं शंभर फुलं थोरल्यापुढे ठेवली, शंभर धाकटीपुढे. आपल्या शेजारी रिकामी टोपली घेतली. अर्धा फोडलेला चिंचोका हातात धरून म्हणाली, "पांढरी बाजू वर आली तर थोरल्याचा डाव, काळी आली तर धाकटीचा. प्रत्येकानं दर डावाला दहा फुलं लावायची. वीस झाली की त्यातली दोन माझी, डाव मांडून दिल्याची. अठरा जिंकणाऱ्याची."

"दोनच?" धाकटी हसली. "घे की."

चिंचोका उडू लागला. दहा डावांपैकी सात थोरल्यानं मारले. त्याच्यापुढे एकशे सव्वीस फुलं झाली. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा फुलला. पुढच्या दहांतही सात त्याचेच. आता त्याच्याकडे एकशे बावन्न होती आणि धाकटीकडे आठ. आठ फुलांत डाव बसत नव्हता.

"संपलं माझं," धाकटी म्हणाली.

"असं कसं संपेल?" आईनं टोपलीतली वीस फुलं काढून तिच्यापुढे ठेवली. "ही उसनी घे. खेळ."

पुढच्या दहा डावांत वारं फिरलं. आठ डाव धाकटीनं मारले, दोन थोरल्यानं. तिसावा डाव झाला तशी आईनं चिंचोका मुठीत धरला.

"आता मोजा."

थोरल्याकडे अठ्ठ्याऐंशी भरली. धाकटीकडे बहात्तर, पण त्यातली वीस उसनी, म्हणजे स्वतःची बावन्न. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघंही हरली होती.

"मग जिंकलं कोण?" आईनं विचारलं.

धाकटीनं टोपली पुढे ओढली. टोपलीत चाळीस फुलं होती आणि वीस येणं होतं. साठ. तीस डावांची दोन-दोन फुलं. आईनं एकही डाव खेळला नव्हता, एकही फूल लावलं नव्हतं.

"तू जिंकत होतास ना, थोरल्या," आई म्हणाली, "तेव्हाही ही टोपली भरतच होती. तुझी नजर बहिणीच्या फुलांवर होती. टोपलीकडे कुणी पाहिलंच नाही. अजून सत्तर डाव खेळा, दोनशेच्या दोनशे फुलं माझ्याकडे येतील. चिंचोका कुणाच्याही बाजूनं पडू दे."

पाऊस पत्र्यावर आपटत होता. थोरल्याचा हात फुलांच्या ढिगावर तसाच राहिला. आईनं आवाज चढवला नाही.

"डब्यात अठरा हजार होते. आज संध्याकाळी शून्य होतं. मी दोनदा मोजलं."

थोरल्याला रडू फुटलं. रडत रडत तो तेच सांगू लागला जे गेलं वर्षभर स्वतःला सांगत आला होता. सोडायचंच आहे, बरोबरी झाली की सोडणार आहे, फार नाही, साठ-सत्तर हजार गेले असतील.

"असतील?" आजोबा कोपऱ्यातून म्हणाले. इतका वेळ ते खाटेवर पडून ऐकत होते. "हिशेबनीस ना तू? 'असतील' ही कोणती रक्कम?"

ते उठून बसले. उशाशी औषधाचा डबा होता. खोकल्यासाठी हिरडा, बेहडा, आवळा असं त्यात नेहमी असे. त्यांनी एक वाळका बेहडा काढून नातवाच्या तळहातावर ठेवला. करडा, कठीण, सुपारीएवढा.

"याचं झाड तुंगारेश्वराच्या जंगलात पाहिलंस ना? फार जुन्या काळी जुगाराचे फासे याच फळाचे असत. नळराजा यांनीच हरला. शाळेत सगळ्यांना दमयंतीचा हंस शिकवतात. हा बेहडा कुणी शिकवत नाही. मी कीर्तनात ऐकलाय. ऐक.

"नळाच्या अंगात कली शिरला आणि फाशांत द्वापर. भाऊ पुष्करानं खेळायला बोलावलं. नळ बसला तो उठेना. प्रजा दाराशी आली, प्रधान आले, दमयंतीनं विनवलं, त्याला ऐकूच गेलं नाही. शहाणी बाई ती. तिनं लेकरं सारथ्याबरोबर विदर्भात माहेरी पाठवली. राज्य गेलं, अंगावर एक वस्त्र उरलं. रानात सोन्याच्या पंखांचे पक्षी दिसले. भुकेल्या नळानं ते धरायला वस्त्र टाकलं, तर पक्षी वस्त्र घेऊन उडाले आणि वरून म्हणाले, आम्ही तेच फासे. तुझ्या अंगावर वस्त्र उरलं होतं ते आम्हाला सहन होईना. बघ, डाव संपला तरी फासे मागे येतात. तुझ्या मोबाइलवर आला ना निरोप? तो तसाच.

"मग नळानं काय केलं? झोपलेल्या दमयंतीला रानात टाकून पळाला. पळून सुटला का? नाही. कली आतच होता. कर्कोटक नागाच्या दंशानं रूप बदललं, तो कुबडा बाहुक होऊन अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी झाला. तरी कली आतच. मग एके दिवशी राजाला तातडीनं विदर्भात जायचं होतं. नळानं रथ असा हाणला की राजाचं उपरणं पडलं, ते उचलायचं म्हणेपर्यंत रथ योजनभर पुढे. वाटेत बेहड्याचं झाड आलं. राजा म्हणाला, या दोन फांद्यांवर २,०९५ फळं आहेत. नळ म्हणाला, मी मोजून बघणार. राजा म्हणतो उशीर होईल, हा म्हणतो मोजल्याशिवाय रथ हलणार नाही. उपरण्यासाठी न थांबलेला रथ मोजण्यासाठी थांबला. नळ खाली उतरला, त्यानं फळं मोजली आणि आकडा जुळला. मग राजानं त्याला आकड्यांची विद्या दिली. ती मिळताच कली विष ओकत त्याच्या अंगातून बाहेर पडला आणि त्याच बेहड्यात शिरला."

थोरला बराच वेळ बेहड्याकडे बघत राहिला. मग त्यानं मनात रुतलेली शंका विचारली. "पण आजोबा, शेवटी नळ पुन्हा फासे खेळूनच राज्य जिंकला ना?"

आजोबांनी मान हलवली. "जिंकला. आणि भावाला मारलं नाही, त्याचा वाटा देऊन परत पाठवला. पण नळ आणि पुष्कर यांच्या मधे टोपली घेऊन कुणी बसलं होतं का? तुझ्या खेळात बसलंय. टोपलीचा आकडा ज्याला कळला तो या पटावर कशाला बसेल? नळाच्या वेळी विद्या म्हणजे कसं खेळायचं ते कळणं. तुझ्या वेळी विद्या म्हणजे कधीच का खेळायचं नाही ते कळणं. आणि आणखी एक. ही गोष्ट कुणी कुणाला सांगितली ठाऊक आहे? द्यूतात सगळं हरून वनात बसलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषींनी. अडकलेल्याला अडकलेल्याचीच गोष्ट सांगितली. रथ थांबव, पोरा. उतर. मोज."

धाकटीनं जुनी वही आणली. थोरल्यानं मोबाइलवर बँकेचे व्यवहार उघडले, पहिल्या दिवसापासून. तो आकडा वाचायचा, धाकटी लिहायची, आई बेरीज ताडून बघायची. दोनशे. पाचशे. दोनशे. दोन हजार. काही आकड्यांशी तो अडखळायचा. बहिणीच्या वाढदिवसाची तारीख आली, वडिलांच्या श्राद्धाची आली. चौदा महिन्यांच्या नोंदी होत्या. रात्री अकराला सुरू केलेलं काम आई रोज फुलं खुडायला उठते त्या वेळेला संपलं.

घातलेले ३,७९,४०० रुपये. परत आलेले ६१,०००. गेलेले ३,१८,४००.

ओटीवर कुणी बोललं नाही. मग आईनं तिच्या पद्धतीनं हिशेब मांडला. दहा फुलांची पुडी वीस रुपयांना धरली तर एक लाख एकोणसाठ हजार दोनशे फुलं. रोज पाच शेकडे.

"तीनशे अठरा पहाटा," ती म्हणाली.

साठ-सत्तर हजारांचं दुःख थोरला वर्षभर पाठीवर घेऊन हिंडला होता. खरा आकडा चौपटीहून मोठा निघाला. पण त्याला एक नवल वाटलं. मोजलेलं ओझं न मोजलेल्या ओझ्यापेक्षा उचलायला सोपं होतं. त्याला आता कड होती. बरोबरी करायची इच्छा पहिल्यांदाच नाहीशी झाली, कारण तीन लाख अठरा हजार चारशेची बरोबरी कुठल्याही डावात नव्हती हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"उद्या गाड्या सुरू झाल्या की पहाटे माझ्याबरोबर चल," आई म्हणाली. "अकरा जणींना सांगायचंय."

"आई, नको. तू सांग हवं तर."

"मी नेलेले नाहीत. ज्यानं नेले त्यानं आकडा बोलायचा."

विरारच्या फलाटावर, टोपल्यांच्या घोळक्यात, थोरला उभा राहिला. पाय लटपटत होते. त्यानं सबब सांगितली नाही. "डब्यातले अठरा हजार मी नेले. जुगारात हरलो. एकूण तीन लाख अठरा हजार चारशे हरलो आहे." त्या महिन्याची पाळी जिची होती ती भाजीवाली पुढे आली. तिच्या घराचं छप्पर पावसानं गेलं होतं. "माझं छप्पर तुझ्या डावात गेलं," ती म्हणाली. थोरल्यानं मान खाली घातली, पण तो तिथून हलला नाही. बायकांनी बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. मग त्यांनीच तोड काढली. आजोबांनी दुखण्याखुपण्यासाठी ठेवलेल्या पैशांतून अठरा हजार त्याच दिवशी द्यावेत, आणि थोरल्यानं ते दरमहा दीड हजारांनी, बारा महिने, याच फलाटावर सगळ्यांसमोर आजोबांच्या नावे फेडावेत. गाडी आली. थोरल्यानं छप्पर गेलेल्या बाईची पाटी उचलून डब्यात चढवली. ती नको म्हणाली नाही.

एका मोजणीनं सगळं निस्तरत नाही. त्यानं १४४१६ला, टेली-मानस या सरकारी मदतक्रमांकावर, फोन केला. पलीकडची बाई मराठीत बोलली. तिनं सांगितलं की जुगाराचं व्यसन हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटना तो आजार म्हणूनच नोंदते, आणि आजाराला उपचार असतात. कर्जवाल्यांच्या धमक्यांची तक्रार त्यानं १९३०वर नोंदवली. पगाराचं खातं धाकटीच्या नजरेखाली आलं. आणि आईनं त्याला वसा दिला. रोज रात्री जेवणापूर्वी ओटीवर बसायचं, दिवसभरात हातातून गेलेला रुपया न् रुपया वहीत लिहायचा आणि बेरीज घरातल्या एका माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायची. धाकटीनं विचारलं, "श्रावण तर संपला, आता कसला वसा?" आजोबा म्हणाले, "बुडणाऱ्याला हात द्यायला मुहूर्त लागत नाही."

दिवाळीच्या आधी तो एकदा घसरला. बोनसचे पैसे आले, गाडी उशिरा, अंग थकलेलं, कुठूनसा दुवा आला आणि बोटानं दार उघडलं. दोनशे रुपये गेले. पण रात्री वही उघडायची होती आणि आकडा वाचायचा होता. ते आठवताच त्यानं मोबाइल बंद केला. रात्री वाचलं, "जुगार, दोनशे." आईनं मान डोलावली. "लिहिलंस ना? मग दोनशेवरच थांबलं." पूर्वी दोनशे लपवण्यासाठी दोन हजार जायचे.

वसईच्यानं गाडीत ही गोष्ट ऐकली, एक शब्द न बोलता मनगटातला काळा दोरा सोडला आणि आठवड्यानं आपली वही दाखवायला आणली. सोपाऱ्याचा मात्र गाडीला येईनासा झाला होता. फोन बंद. थोरला नालासोपाऱ्याला उतरून रोज थोडा वेळ फलाटावर थांबू लागला. नवव्या दिवशी तो दिसला. दाढी वाढलेली, फलाटाच्या टोकाच्या बाकावर, कुठल्याच गाडीत न चढता बसलेला.

थोरला त्याच्या शेजारी बसला. त्याला वाटलं होतं आपण खूप बोलू, नळ सांगू, टोपली सांगू. त्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं फक्त खिशातला बेहडा काढून बाकावर ठेवला आणि शेजारी वही.

"मी तीन लाख अठरा हजार चारशे हरलो," तो म्हणाला.

विरारकडे जाणाऱ्या तीन गाड्या आल्या आणि गेल्या. माणसं उतरली, चढली, लोंबकळली. सोपाऱ्याचा बेहड्याकडे पाहत होता.

"माझे किती," शेवटी तो म्हणाला, "ते मला ठाऊक नाही रे."

"म्हणून तर आलोय."

थोरल्यानं वहीचं कोरं पान उघडलं, वर तारीख घातली आणि पेन मित्राच्या हातात दिलं. पुढची गाडी आली तेव्हा सोपाऱ्याचा चौथी ओळ लिहीत होता.